बाण बदलल्यावर

कंपाउंड धनुष्याला नवे बाण आले की पहिल्या दिवशी नेम चुकतो. धनुष्य तेच असते, पीप (दोरीतले बारीक छिद्र) आणि स्कोप (साईटवरचे भिंग) कालच्याच जागी असतात, खेळाडूचा हातही तोच असतो. बदललेली असते ती फक्त दोरीवर चढणारी नळी. तरी 50 मीटरवरचे बाण सोनेरी वर्तुळ सोडून खाली निळ्यात जाऊन बसतात. अशा वेळी हात आपसूक साईटच्या स्क्रूकडे जातो. खरे पाहता साईट फिरवणे हे या दुरुस्तीतले शेवटचे काम आहे. साईट दिशा दाखवते. बाण कसा उडतो आहे याबद्दल ती काही सांगत नाही. नीट न उडणाऱ्या बाणासाठी साईट फिरवली तर दोष झाकला जातो, आणि झाकलेला दोष वाऱ्याच्या दिवशी, नेमका स्पर्धेत, उघडा पडतो.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजूला हा विषय आता परका राहिलेला नाही. रिसोडहून मेहकर आणि चिखली ओलांडली की बुलढाणा येते. तिथल्या प्रथमेश जवकारने मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असे हरवून कंपाउंडचे सुवर्णपदक घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने पंधरा बाणांत 150 पैकी 150 गुण मिळवले, समोरच्या खेळाडूचे 149 होते. अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 ने हरवले, तेव्हा ती 17 वर्षांची होती. या आकड्यांकडे पाहिले की कंपाउंडमध्ये बाणांची जुळणी एवढ्या काटेकोरपणे का करायची ते वेगळे सांगावे लागत नाही. या प्रकारात 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 8 सेंटिमीटर असतो. मध्यापासून चार सेंटिमीटरच्या थोडा पलीकडे गेलेला एक बाण नऊ देतो, आणि वरच्या पातळीवर त्या एका नऊवर सामना जातो. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच येतो आहे. त्यामुळे तालुक्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींनाही या धनुष्याची ओढ वाटली तर ते साहजिकच आहे.

भारतात पुष्कळ मुले बांबूच्या धनुष्यापासून, म्हणजे ‘इंडियन राउंड’पासून सुरुवात करतात. त्या धनुष्याला साईट नसते. बाण खाली लागला की मूल हात थोडा वर धरते आणि शरीर आपोआप शिकते. कंपाउंडवर आल्यावर ही सवय मोडावी लागते. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी 1960 च्या दशकात धनुष्याच्या पात्यांच्या टोकांना चाके बसवून हे धनुष्य तयार केले. त्यांना 1969 मध्ये पेटंट मिळाले. चाकांच्या, म्हणजे कॅमच्या, योजनेमुळे पूर्ण ताणलेल्या स्थितीत हातावरचा भार बराच उतरतो. खेळाडू निवांत नेम धरू शकतो आणि रिलीजच्या बटणाने बाण सुटतो. प्रत्येक वेळी दोरी जवळजवळ सारखीच ऊर्जा देते. याचा अर्थ असा की बाणात झालेला लहानसा बदलही लक्ष्यावर स्वच्छ दिसतो. साध्या धनुष्यावर तो हाताच्या चुकांत मिसळून गेला असता.

पहिला बदल वजनाचा. बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. समजा जुना बाण 350 ग्रेनचा, म्हणजे 22.7 ग्रॅमचा होता आणि तो सेकंदाला 85 मीटर वेगाने सुटत होता. नवा 400 ग्रेनचा, म्हणजे जवळपास 26 ग्रॅमचा आहे. धनुष्याची ऊर्जा तेवढीच, म्हणून वेग 80 मीटरच्या आसपास येतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवून हिशेब केला तर 50 मीटर जायला जुन्या बाणाला 0.588 सेकंद लागत होते, नव्याला 0.625 लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण जुन्या बाणाला 1.70 मीटर खाली खेचत होते, नव्याला 1.92 मीटर खेचते. फरक 22 सेंटिमीटरचा. कंपाउंडसाठी लावल्या जाणाऱ्या लक्ष्यावर पाचपासून दहापर्यंतचीच वर्तुळे असतात आणि मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर 24 सेंटिमीटर असते. दहाला धरलेला नेम पाचात उतरतो आणि बाण कागदाबाहेर जाता जाता वाचतो.

याच हिशेबात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट दडलेली आहे. 20 मीटरवर हे दोन बाण एकमेकांपासून फक्त साडेतीन सेंटिमीटर वर-खाली पडतात, कारण घसरण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खेळाडू 20 मीटरवर साईट थोडी हलवतो, बाण मध्यात येतात आणि काम झाले असे वाटते. मग जुन्याच पट्टीवरच्या 50 च्या खुणेवर साईट नेऊन मारले तर बाण अजूनही 13 सेंटिमीटर खाली लागतात. साईटची पट्टी एका ठरावीक वेगासाठी केलेली असते. वेग बदलला की पट्टीवरच्या खुणांमधली अंतरेच बदलतात, आणि संपूर्ण पट्टी एकसारखी वर-खाली सरकवून ती जुळत नाहीत. जवळ बरोबर आणि लांब चूक असे दिसले की पट्टी नवी करावी लागणार हे समजावे.

दुसरा बदल ताठपणाचा, म्हणजे स्पाइनचा. 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर नळी आडवी ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन टांगले की ती जेवढी वाकते, तो तिचा स्पाइन. 500 स्पाइनची नळी अर्धा इंच वाकते, 400 ची त्याहून कमी. आकडा जेवढा लहान तेवढी नळी ताठ. हे झाले टेबलावरचे मोजमाप. धनुष्यातून सुटताना नळी किती लवेल हे तिची लांबी, पुढच्या पॉइंटचे वजन आणि धनुष्याचा पाउंड, म्हणजे ताणायला लागणारा जोर, यांवर ठरते. नळी कापून आखूड केली की ती ताठ वागते. जड पॉइंट बसवला किंवा पाउंड वाढवला की मऊ वागते. म्हणून डब्यावरचा आकडा तोच असलेले दोन संच एकाच धनुष्यातून वेगळे उडू शकतात. वाढत्या वयाच्या खेळाडूच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. वर्षभरात पाउंड वाढतो, हात लांबतो, आणि गेल्या हंगामात नेमका जुळणारा बाण या हंगामात मऊ पडतो.

तिसरा बदल जाडीचा. बंदिस्त सभागृहातल्या 18 मीटरच्या स्पर्धांसाठी अनेक खेळाडू जाड नळी घेतात, कारण वर्तुळाच्या रेषेला बाण नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो. नियमाने नळीचा व्यास 9.3 मिलिमीटरपर्यंत चालतो. मैदानात वाऱ्याला कमी अंग द्यायचे म्हणून बारीक नळी लागते, समजा साडेपाच मिलिमीटरची. एकीवरून दुसरीवर येताना नळीची मध्यरेषा रेस्टपासून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारापासून, जवळजवळ दोन मिलिमीटर वर किंवा खाली जाते. दोरीवरचा डी-लूप, म्हणजे रिलीज अडकवायचा फास, मात्र जागचा हलत नाही. परिणामी बाण दोरीवर तिरका बसतो आणि डोके वर किंवा शेपूट वर करून निघतो. हा दोष साईटने भरून काढायचा प्रयत्न केला तर एका अंतराला तो जमल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक पुढच्या अंतराला पुन्हा डोके वर काढतो. इथे रेस्टची उंचीच बदलली पाहिजे.

आता तपासणीचा क्रम. सुरुवात मैदानात न होता काट्यावर होते. संचातला प्रत्येक बाण वेगळा तोलावा आणि त्यावर क्रमांक लिहावा. तिरंदाजीच्या दुकानातला ग्रेनचा काटा तालुक्याच्या गावात सहसा मिळत नाही, पण सराफाच्या दुकानातला काटा या कामाला पुरतो; सोन्याच्या व्यवहारात जी बारकाई लागते तीच इथे लागते. 350 ग्रेनच्या संचात एखादा बाण 10 ग्रेनने, म्हणजे जेमतेम 0.65 ग्रॅमने जड असला, तर 50 मीटरवर तो चार-पाच सेंटिमीटर खाली पडतो. अख्खे एक वर्तुळ जाते. वेगवेगळ्या वेळी मागवलेले, कोणाकडून तरी मिळालेले, निरनिराळे पॉइंट बसवलेले बाण एकत्र करून संच बनवला असेल तर साईट कितीही फिरवली तरी ग्रुप, म्हणजे बाणांचा एकत्र पडणारा पुंजका, जमणार नाही. त्यात खेळाडूची चूक नसते, आणि प्रशिक्षकाने हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालेले मूल पुन्हा उभे करायला फार वेळ लागतो.

वजनासोबत सुरक्षिततेचाही प्रश्न सुटतो. बहुतेक धनुष्यनिर्माते दर पाउंडामागे किमान पाच ग्रेनचा बाण मागतात. 60 पाउंडांच्या धनुष्याला 300 ग्रेन. जागतिक स्पर्धांत कंपाउंडला 60 पाउंडांहून अधिक परवानगी नाही. पाउंडामागे पाच ग्रेनहून हलका बाण घातला तर उरलेली ऊर्जा धनुष्याच्या पात्यांत आणि कॅममध्ये जाते, आणि धनुष्य रिकामे सोडल्यावर जसा दणका बसतो तसा काहीसा बसतो. कार्बनची नळी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून कानाजवळ न्यावी. तडकल्याचा बारीक आवाज आला किंवा बोटाला खरबरीत रेघ लागली तर तो बाण मोडून टाकावा. तो पुन्हा मारला तर हातात घुसू शकतो. नॉकही याच वेळी पाहावा. बाण दोरीला अडकवून खाली लोंबकळत सोडला तर तो टिकला पाहिजे, आणि दोरीला टिचकी मारताच सुटून पडला पाहिजे. घट्ट नॉक दोरी सोडताना अडखळतो आणि बाण वर-खाली विखुरतात.

मैदानातली पहिली परीक्षा जुन्या बाणांनी घ्यायची असते. म्हणूनच नवा संच आला तरी जुन्यातले तीन चांगले बाण राखून ठेवावेत. जुनी साईट न हलवता जुने बाण मारावेत. ते मध्यात लागले तर धनुष्य, पीप, साईट आणि खेळाडू या चौघांवरचा संशय एकदमच दूर होतो. जे काही आहे ते नव्या बाणात आहे. जुनेही भरकटले तर बाण बदलण्याच्या सुमारास आणखी काही तरी हलले आहे. विदर्भात हे अनेकदा घडते, कारण इनडोअरचे जाड बाण ठेवून बारीक बाण काढण्याची वेळ आणि थंडी संपून ऊन चढण्याची वेळ एकच येते. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या धनुष्याला त्याहून पुष्कळ अधिक ताप लागतो. उन्हाने दोरी किंचित लांबते, तिच्यातला पीप फिरतो किंवा सरकतो, दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्यावर येईनासे होतात. मग फरकाचा अर्धा वाटा बाणाचा आणि अर्धा उन्हाचा असतो. जुने तीन बाण जवळ नसतील तर हे दोन वाटे वेगळे करण्याचा सोपा मार्ग उरत नाही.

त्यानंतर नवे बाण 20 मीटरवरून मारायचे आणि ते कुठे लागले यापेक्षा कसे लागले ते आधी पाहायचे. सहा-सहा बाणांच्या दोन फेऱ्या तरी हव्यात. तीन बाणांच्या ग्रुपवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. सगळे बाण मूठभर जागेत पण मध्यापासून दूर असतील तर ती साईटची बाब आहे आणि चिंता करण्यासारखे काही नाही. उभी रांग पडत असेल तर नॉक, डी-लूपची उंची, कॅमची वेळ किंवा वजनातला फरक पाहावा. आडवे पसरत असतील तर रेस्टची डावी-उजवी जागा, स्पाइन आणि धनुष्य धरणाऱ्या तळव्याचा पीळ पाहावा. प्रत्येक फेरीत एकाच क्रमांकाचा बाण वेगळा पडत असेल तर त्या बाणाचा नॉक थोडा फिरवून पुन्हा मारावा. पुष्कळदा तेवढ्याने तो ग्रुपमध्ये परत येतो, कारण प्रत्येक नळीची एक बाजू दुसरीहून थोडी ताठ असते. क्रमांक लिहिण्याचा खरा उपयोग इथे कळतो.

पिसे, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेन, रेस्टला किंवा केबलला घासत असतील तर बाकीच्या सगळ्या परीक्षा खोट्या ठरतात. बाणाच्या मागच्या भागावर आणि रेस्टवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवून एक बाण मारला की घासलेली जागा उमटून दिसते. नव्या बाणांच्या वेन उंच असल्या किंवा वेगळ्या कोनात चिकटवलेल्या असल्या तर हे हमखास होते.

मग कागद. चौकटीवर ताणलेल्या कागदातून साधारण दोन मीटरवरून बाण मारायचा आणि फाटलेली जागा पाहायची. गोल छिद्र आणि त्याभोवती वेनच्या तीन सरळ चिरा दिसल्या तर बाण सरळ जातो आहे. छिद्रापासून वर फाटले असेल तर शेपूट वर आहे. घासण्याची शक्यता आधीच निकाली काढलेली असेल तर रेस्ट किंचित वर घ्यावा. खाली फाटले तर उलट. यावर विश्वास बसत नसेल तर वेन न लावलेला एक बाण, ज्याला खेळाडू बेअर शाफ्ट म्हणतात, 18-20 मीटरवरून वेनच्या बाणांसोबत मारावा. वेन उडतानाच्या चुका सुधारत असतात. उघड्या नळीला ती मदत नसते, म्हणून ती खरे बोलते. ती बाकीच्या बाणांजवळ आणि त्यांच्याशी समांतर घुसली की जुळणी झाली. यातली प्रत्येक दुरुस्ती अर्ध्या-एक मिलिमीटरची असते आणि एका वेळी एकच करायची असते. रेस्ट आणि डी-लूप दोन्ही एकत्र हलवले तर कोणामुळे काय सुधारले ते कधीच कळत नाही.

डाव्या-उजव्या बाजूसाठी मागे सरकत जाण्याची पद्धत चांगली. लक्ष्यावर वरून खाली एक उभी पट्टी चिकटवायची, 20 मीटरची साईट तशीच ठेवायची आणि 20, 30, 40 मीटरवरून पट्टीच्या वरच्या टोकावर नेम धरून मारायचे. बाण खाली खाली जाणारच. ते पट्टीवरच राहिले तर रेस्ट बरोबर आहे. ते तिरपे होत डावीकडे जात असतील तर रेस्ट अगदी थोडा उजवीकडे घ्यायचा, उजवीकडे जात असतील तर डावीकडे. सगळे बाण पट्टीला समांतर पण एका बाजूला असतील तर मात्र रेस्टला हात लावायचा नाही; तो साईटचा दोष आहे. ही परीक्षा पहाटे, वारा पडलेला असताना घ्यावी. पैनगंगेच्या खोऱ्यातली वावरे उन्हाळ्यात उघडी पडलेली असतात, अडोसा नसतो, आणि दुपारचे वावधान सुटले की बारीक बाणही सरळ रेषा दाखवत नाही. धनुष्य तिरके धरले गेले तरी असेच चित्र दिसते, म्हणून स्कोपमधला पातळी दाखवणारा बुडबुडा प्रत्येक बाणाला मध्यात हवा. शेतात सराव करणाऱ्यांनी लक्ष्यामागे मातीचा उंच बांध घालणे अनिवार्य समजावे. चुकलेला बाण धुरा ओलांडून शेकडो मीटर जातो, आणि शेतात माणसे असतात.

एवढे झाल्यावर साईट. नियम सोपा आहे: बाण जिकडे गेला तिकडे साईट न्यायची. बाण खाली तर साईट खाली, बाण डावीकडे तर साईट डावीकडे. डोळ्यापासून स्कोप 90 सेंटिमीटरवर असेल तर साईटचा एक मिलिमीटर 50 मीटरवर साडेपाच सेंटिमीटर होतो. मघाच्या उदाहरणातले 22 सेंटिमीटर म्हणजे साईटवरचे चार मिलिमीटर. आधी 20 मीटरची खूण पक्की करायची, मग 50 ची, आणि या दोन खुणांवरून नवी पट्टी काढायची. ती 30 आणि 40 मीटरवर तपासल्याशिवाय चिकटवू नये. अंतर फितीने मोजलेले असावे. पावलांनी मोजलेल्या 50 मीटरांत एक-दोन मीटरची चूक सहज होते, आणि वर दिलेल्या वेगांच्या बाणाला त्या टप्प्यावर दर मीटरमागे लक्ष्यावर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. जड बाणाची साईट लांबच्या अंतराला बरीच खाली उतरते. तेव्हा वेन स्कोपला लागत नाहीत ना, हे पुन्हा पावडर लावून पाहावे.

नव्या पट्टीवर एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी, प्रत्येकी सहा बाणांच्या सहा फेऱ्या 50 मीटरवर माराव्यात. दोन्ही वेळचे मध्य दहाच्या वर्तुळात राहिले तर पट्टी स्पर्धेला न्यायला हरकत नाही; दुपारचा मध्य सरकला तर दोरी आणि पीप पाहावेत, बाणांना दोष देऊ नये. जुनी पट्टी काढून वहीत चिकटवावी आणि शेजारी त्या संचाचे वजन, लांबी, स्पाइन, पॉइंट आणि रेस्टची उंची लिहावी. इनडोअरचा हंगाम आला की तेच जाड बाण पुन्हा चढवायचे असतात. तेव्हा रेस्ट त्या उंचीवर आणून 18 मीटरवर दोन फेऱ्या मारल्या की जुनी पट्टी जुळते की नाही ते लगेच दिसते.